लेडी स्टेनो, मावशी आणि मानधन : कामाला वेगळे नाव दिले की दाम कमी देता येतो का?

निवृत्त टंकलेखिका

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माझे १९८३ सालचे नेमणुकीचे पत्र हाती लागले. मुंबईत फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत मी तेव्हा लागले आणि पदाचे नाव होते 'लेडी स्टेनोग्राफर'. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थही साहेबांचे डिक्टेशन घेत आणि तीच पत्रे टंकित करीत. मी रजेवर गेले की माझे काम ते सांभाळत, ते गावी गेले की त्यांचे मी. त्यांच्या पदाचे नाव मात्र नुसते 'स्टेनोग्राफर' होते. 'लेडी' हा शब्द आदराने लावला असावा असा माझा भाबडा समज होता. तो पगारपत्रकातल्या निराळ्या रकान्याचा शिक्का आहे, हे उमगायला मला चार वर्षे लागली.

उमगले ते १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालामुळे. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतल्या कंपनीविरुद्ध ऑड्रे डिकोस्टा यांनी समान वेतन कायद्याखाली दाद मागितली होती. त्यांचे पद होते 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' आणि १९७७ मध्ये त्यांची सेवा संपवण्यात आली होती. पुरुष स्टेनोग्राफरांच्या मानाने आपल्याला कमी पगार मिळत होता, तो फरक मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती. कंपनीचा बचाव मला आजही पाठ आहे. या बायका वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या असल्यामुळे त्यांचा वर्ग वेगळा, त्या वर्गात एकही पुरुष नाही, म्हणजे तुलना कोणाशी करणार? शिवाय पगाराच्या श्रेणी युनियनशी झालेल्या कराराने ठरल्या आहेत, आणि वाढीव रक्कम देण्याची कंपनीची ऐपतही नाही. न्यायालयाने यातले काहीच मानले नाही. काम तेच किंवा त्याच स्वरूपाचे आहे का हे पाहताना किरकोळ फरकांचा कीस काढू नये, प्रत्यक्षात रोज जे काम होते ते पाहावे, असे न्यायालयाने सांगितले. करार झाला म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून कायद्यातून सुटका नाही, हेही स्पष्ट केले.

आमच्या कचेरीत त्या निकालाची कात्रणे बायकांच्या डब्यांबरोबर फिरली. तक्रार कोणी केली नाही, मीही केली नाही, आणि ते मला अजून बोचते. पुढच्या पगारवाढीच्या वेळी 'लेडी' हा शब्द गुपचूप गेला. पगारातली तफावत मात्र तशीच राहिली, कारण तोवर पुरुषांचे पदनाम 'सेक्रेटरियल असिस्टंट' झाले होते.

कामाच्या ठिकाणच्या समानतेची चर्चा निघाली की आपण एकच काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या पगारातल्या फरकाबद्दल बोलतो. माझा अनुभव असा की एकच काम आहे हे कोणाला म्हणताच येऊ नये, याची तजवीज पगार ठरवण्याच्या आधीच, पदाचे नाव ठरवताना झालेली असते. आपापल्या क्षेत्रात हे कसे घडते ते लिहावे, अशी विनंती आहे. नुसता संताप नको, तपशील हवेत.

कज्जेदलाल नव्हे

ताई, विषय अगदी मुळाशी नेऊन भिडवलात. मी कामगार न्यायालयात वकिली करतो, म्हणून याची दुसरी बाजू मांडतो. १९८७ चा निकाल सर्वांना आठवतो, पण त्याआधी सहा वर्षे, १९८१ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या नर्गिस मिर्झा प्रकरणात जवळपास उलट वाट धरली होती. हवाई सुंदरीला पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास किंवा पहिल्या गरोदरपणी, यांतले जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे लागे. त्याच विमानात, तशाच ट्रे उचलणारा पुरुष 'फ्लाइट पर्सर' मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरी करी. न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारा भागही रद्द केला. या दोन गोष्टींसाठी तो निकाल गौरवला जातो. मूळ प्रश्नावर मात्र, म्हणजे हवाई सुंदरी आणि पर्सर यांची तुलना होऊ शकते का यावर, दोघांचे संवर्ग निराळे, भरतीच्या अटी निराळ्या, बढतीचे मार्ग निराळे, सबब भेदभाव नाही, असे उत्तर आले. केंद्र सरकारने १९७९ मध्येच अधिसूचना काढून, या दोन पदांच्या सेवाशर्तींतला फरक लिंगावर आधारलेला नाही, असे जाहीर करून ठेवले होते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. भरतीची जाहिरातच निराळी काढली, शिडी निराळी उभी केली, की पुढे हाच निराळेपणा पुरावा म्हणून दाखवता येतो. विमानातल्या सेवकवर्गाचा प्रमुख, म्हणजे इन-फ्लाइट सुपरवायझर, हे पद बायकांना खुले करण्याचा आदेश २००५ मध्ये निघाला, पुरुष कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध दावे लावले आणि २०११ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात निकाली निघून बायकांचा हक्क कायम झाला. विमानात कोण कोणाच्या हाताखाली काम करणार, हा वाद तिथवर गेला होता.

कायद्याच्या शब्दांबद्दलही एक गोष्ट सांगतो. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते, तेव्हा आधी अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावलेला आहे. दोन्हींकडे शब्द आहेत 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम'. भारताने १९५८ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १०० क्रमांकाच्या करारात मात्र 'समान मूल्याचे काम' असा शब्दप्रयोग आहे. 'तशाच स्वरूपाचे' म्हटले की शेजारच्या टेबलापलीकडे पाहता येत नाही, 'समान मूल्याचे' म्हटले की कारखान्याच्या दुसऱ्या खात्यापर्यंत नजर टाकता येते. आपला कायदा पहिल्या जागी थांबला आहे.

सिंदफणाकाठचा

वकीलसाहेबांनी कारखान्याची दोन खाती म्हटली. आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास जी माणसे ऊस तोडायला जातात, त्यांच्यात बाईचे खाते उघडलेलेच नसते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून जे एकक होते, त्याला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे आणि हिशेब होतो तो कोयत्यामागे. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. मी लहानपणी चार हंगाम आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, राहिलो आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. वडील ऊस तोडत. आई पाचट काढी, मोळी बांधी, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढे, आणि त्याच्या आधी पहाटे तीन वाजता उठून सगळ्यांच्या भाकरी करी. डोकी सेंटरला, म्हणजे मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये भरतात तिथे, हे असेच चालते. गाडी सेंटरला बैलगाडी असते, तेवढाच काय तो फरक. उचलीचे पैसे वडिलांच्या हातात पडत. अंगठा त्यांचा, नाव त्यांचे. आईला तुझी मजुरी किती असे विचारले असते, तर तिला प्रश्नच कळला नसता, कारण तिच्या मजुरीला आकडाच नव्हता.

ताई, तुमच्या पदाला निदान निराळे नाव तरी होते. इथे बाईचे काम नवऱ्याच्या हत्याराच्या नावाखाली गेले आहे. तरीही एक दिवस ती फडात, म्हणजे उसाच्या शेतात, आली नाही, तर 'खाडा' धरला जातो आणि दंड वसूल होतो. म्हणजे काम केल्याची स्वतंत्र नोंद नाही, न केल्याची मात्र आहे.

या व्यवस्थेने शरीराचे काय केले, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजले. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,००० हून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,००० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण पाळीच्या दिवसांत खाडा नको, दंड नको, फडावर ना आडोसा ना पाणी, हे त्यामागचे कारण पुढच्या हंगामातही तसेच होते. बाईचे नाव स्वतंत्र मजूर म्हणून कारखान्याच्या दप्तरी चढले, तर दवाखाना, विमा, बाळंतपणाची रजा हे पुढचे प्रश्न निदान मांडता तरी येतील.

चाकणकर

मी एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. इथे सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून वेगळा सूर लावतो, राग नसावा.

कामांमध्ये खरेखुरे फरक असतात. आमच्याकडे प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग घडवतात तिथे, पुरुष आहेत, तिथे वजन उचलावे लागते, आवाज आहे, अपघाताचा धोका आहे. वायरिंगच्या जोडणीत आणि तपासणीत बहुतेक मुली आहेत. तिथे वातानुकूलन आहे, काम बसून आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांच्या रात्रपाळीवर मुळात बंदीच होती, पुढे अटींवर सूट मिळत गेली. त्यामुळे तिन्ही पाळ्यांत फिरणारा पुरुष आणि ठरावीक पाळीत येणारी मुलगी यांच्या हाती पडणारी रक्कम वेगळी असणारच. आम्ही कामाच्या मूल्यमापनाचे गुणांकन करतो, त्यात 'स्त्री' किंवा 'पुरुष' असा शब्दही नाही. प्रत्येक निराळ्या श्रेणीमागे कटकारस्थान पाहिले, तर व्यवस्थापन करणेच अशक्य होईल.

निवृत्त टंकलेखिका

चाकणकर, राग अजिबात नाही, उलट असा प्रतिसाद यायला हवाच होता. रात्रपाळीचा भत्ता वेगळा द्यावा, त्याबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. माझा प्रश्न मूळ पगाराबद्दल आहे. आपल्या गुणांकनाच्या तक्त्यात वीस किलो उचलण्याला किती गुण आहेत, आणि भिंगाखाली नजर रोखून आठ तास तारेची टोके जोडण्याला किती? पाठीला गुण असतील तर डोळ्यांना आणि बोटांना आहेत का? तो तक्ता कोणी केला, आणि तेव्हा त्या खोलीत जोडणी खात्यातली एक तरी मुलगी होती का?

'नाजूक बोटे' हा शब्द मी अनेक कारखान्यांच्या भरतीच्या वेळी ऐकला आहे. कौशल्य म्हटले तर त्याचा दाम द्यावा लागतो. बोटांचा नाजूकपणा जन्मजात ठरवला की ते कौशल्य उरत नाही, निसर्गाची देणगी होते, आणि देणगीची पावती कोण मागणार?

चाकणकर

प्रामाणिकपणे सांगतो, तक्ता बाहेरच्या सल्लागाराने केला आणि आम्ही तो स्वीकारला. शारीरिक श्रमाला स्वतंत्र शीर्षक आहे. बारकाईला नाही, ती 'सर्वसाधारण अपेक्षा' या सदरात येते. हे लिहिताना मलाच ते खटकले. उद्या कागद पुन्हा पाहतो.

गटप्रवर्तकाची लेक

माझी आई आशा गटप्रवर्तक, म्हणजे गावोगावच्या आशांच्या कामावर देखरेख करणारी, आहे आणि मावशी अंगणवाडी सेविका. या धाग्याच्या शीर्षकातला तिसरा शब्द आमच्या घरातला आहे.

आशांची योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. नावाचा विस्तार आहे 'मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती'. त्यात 'कर्मचारी' हा शब्द येणार नाही, याची काळजी घेतलेली दिसते. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे, म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. गरोदर बाईची नोंद केली की इतके, प्रसूतीसाठी तिला दवाखान्यात नेले की इतके, बाळाच्या लशी पूर्ण झाल्या की इतके. रात्री दोन वाजता दार वाजले आणि कळा खोट्या निघाल्या, तर त्या फेरीचे काही नाही. करोनाच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या याच बायका होत्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा पुरस्कार देऊन सन्मान केला, त्या दिवशी आईच्या फोनवर अभिनंदनाचे दीडशे संदेश आले. मागच्या तीन महिन्यांचा थकलेला मोबदला त्या दिवशीही आलेला नव्हता.

अंगणवाडीचे असेच आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, म्हणजे तिला पन्नास वर्षे होऊन गेली. पदांची नावे पाहा : 'सेविका' आणि 'मदतनीस'. मिळते ते 'मानधन'. मराठीत मानधन हा किती सुंदर शब्द आहे. पाहुण्या व्याख्यात्याला आपण पाकिटात घालून देतो ते मानधन, कारण त्यांच्या विद्वत्तेचे मोल करणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही. तोच शब्द रोज सकाळी केंद्र उघडणाऱ्या, मुलांची वजने घेणाऱ्या, आहार वाटणाऱ्या आणि मोबाइलवर नोंदी भरणाऱ्या बाईला लावला की तिच्या कामाचे मोल करण्याची गरजच उरत नाही.

२००६ मध्ये कर्नाटकातल्या अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका या शासकीय पदावर नसतात. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना, म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका यांच्यासारख्या सरकारी योजनांत काम करणाऱ्यांना, कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली, आणि ती शिफारसच राहिली. मग एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्या निकालातला माझ्या आवडीचा भाग असा की सेविकांना मिळणारे मानधन हे ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने 'वेतन'च आहे असे त्यात ठरले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवायला सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि तोही एका कायद्यापुरताच. मावशी म्हणते, माझा मान तुमच्याकडेच ठेवा, मला नुसते धन द्या.

कज्जेदलाल नव्हे

शेवटचे वाक्य मी उद्या युक्तिवादात वापरणार आहे, मावशींना विचारून ठेवा.

मिडलँड्सवासी

मी गेली बावीस वर्षे बर्मिंगहॅममध्ये आहे आणि पंधरा वर्षे एका वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून काम केले. वकीलसाहेबांनी 'समान मूल्य' या शब्दाबद्दल लिहिले, त्याचे इथले उदाहरण देते.

१९६८ च्या जूनमध्ये लंडनजवळ डॅगनहॅम इथल्या फोर्डच्या कारखान्यात गाडीच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या १८७ बायकांनी तीन आठवडे संप केला. त्यांची मूळ तक्रार होती की नव्या वर्गवारीत त्यांना 'ब' श्रेणीत, म्हणजे कमी कुशल कामगारांत टाकले होते, आणि भरतीच्या वेळी मात्र शिवणाची परीक्षा घेतली होती. मध्यस्थी मंत्री बार्बरा कॅसल यांनी केली आणि तडजोड अशी निघाली की बायकांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के द्यावेत. त्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला, म्हणून या संपाला विजय म्हणतात. पण श्रेणी बदलली नाही. पैसे वाढले, तरी शिवण हे कौशल्य नाही हा शेरा कायम राहिला. श्रेणी बदलली ती आणखी एका संपानंतर, १९८४ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून इथल्या कायद्यात 'समान मूल्याचे काम' ही तरतूद लागू झाली होती. पगार आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि नाव मिळायला सोळा वर्षे जास्त लागली.

आमच्या शहराचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. बर्मिंगहॅम महापालिकेत कचरा उचलणारे, रस्ते दुरुस्त करणारे पुरुष आणि शाळांत स्वयंपाक करणाऱ्या, सफाई करणाऱ्या, म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायका एकाच श्रेणीत होत्या. म्हणजे कागदावर मूळ पगार समान. पण पुरुषांच्या कामांना बोनस होते, बायकांच्या कामांना नव्हते. २०१२ मध्ये माजी महिला कर्मचाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन उशिरा दावा करण्याचा हक्क मिळवला, त्यानंतर दाव्यांची रीघ लागली, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पालिकेने आपला ताळेबंद जुळत नसल्याची जाहीर नोटीस काढली, त्यात समान वेतनाच्या थकबाकीचे कारण पुढे केले. वर्तमानपत्रांतून 'बायकांच्या दाव्यांनी शहर बुडवले' अशा अर्थाचे बरेच काही वाचायला मिळाले. पैसे वर्षानुवर्षे दिले नाहीत म्हणून तुंबले, हे वाक्य फार जणांनी लिहिले नाही.

चाकणकर, तुमच्या तक्त्यावर नजर टाकाल तेव्हा बोनसचा तक्ताही काढा.

खडूफळा

छोटी भर घालतो. आमच्या शाळेत चौथ्या श्रेणीतले दोघे आहेत. पुरुषाला सगळे 'शिपाई' म्हणतात, बाईंना 'मावशी'. शिपाई घंटा देतो, बँकेत जातो, टपाल आणतो. मावशी वर्ग झाडतात, स्वच्छतागृह धुतात, लहान मुलांचे कपडे ओले झाले की बदलतात, आणि कोणी शिक्षिका रडत असली तर तिला चहाही देतात. दवाखान्यांत 'वॉर्डबॉय' आणि 'मावशी' अशीच जोडी असते. आम्हाला वाटते आपण नाते जोडून सन्मान करतो. पण मावशी म्हटले की काम घरचे होते, आणि घरच्या कामाची वेळ संपत नाही. संस्थेच्या अनुदानात बसलेला शिपाई पाच वाजता निघतो, खासगी तत्त्वावरच्या मावशी कुलूप लावून निघतात. नाती जोडू नका असे मी म्हणत नाही, मीही त्यांना मावशीच म्हणतो. हजेरीपत्रकावर मात्र मी यंदा त्यांचे पूर्ण नाव आणि पदनाम लिहायला लावले, तेव्हा लिपिकाने विचारले, यांचे आडनाव काय? त्या अकरा वर्षे शाळेत आहेत.

रीळखात्याची नात

माझी पणजी परळच्या एका कापड गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांत असत, त्यांच्यावर देखरेख करणारी बाई ती 'नायकीण', आणि मजुरी नगावर. साच्यांवर, म्हणजे मागांवर, पुरुष. पुढे हाताने चालणारे वाइंडिंग वेगवान यंत्रांकडे गेले, तसे ते काम बायकांकडून पुरुषांकडे गेले. घरात एक गोष्ट सांगत. पणजीने खात्यातल्या साहेबाला विचारले होते, काल हे काम बाईचे होते, आज गड्याचे कसे झाले? यंत्र आले म्हणून, असे उत्तर मिळाले. तिने विचारले, मग आम्हाला यंत्र शिकवा. त्याचे उत्तर घरातल्या गोष्टीत नाही.

सिंदफणाकाठचा

रीळखात्याची नात यांनी लिहिलेले आमच्याकडे आता दिसते आहे. ऊस तोडणारी यंत्रे फडांत येऊ लागली आहेत. यंत्राचा चालक, त्याचा मदतनीस, ट्रॅक्टरवाला, सगळे पुरुष. मागे उरलेले तुकडे वेचायला मात्र बाया लागतात, आणि तिथे पहिल्यांदाच त्यांना रोजाने, स्वतःच्या नावाने मजुरी मिळताना मी पाहिली. काम हलके ठरवलेले, दर कमी, पण पैसे तिच्या हातात. आनंद मानावा की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चाकणकर

कागद पाहिले. जोडणी खात्यात 'ऑपरेटर' हे पद नाहीच, सगळ्या मुली 'असेंब्ली असिस्टंट' आहेत. प्रेस शॉपमध्ये 'असिस्टंट' हे पद नाही, पहिल्या दिवसापासून सगळे 'ऑपरेटर'. बढतीच्या नियमांत सुपरवायझरसाठी 'ऑपरेटर म्हणून पाच वर्षांचा अनुभव' अशी अट आहे. जोडणी खात्यातून आजवर एकही सुपरवायझर का झाली नाही, याचा शोध आम्ही गेल्या वर्षी प्रशिक्षणाच्या अभावात घेतला होता आणि मुलींसाठी आत्मविश्वास वाढवण्याची दोन दिवसांची कार्यशाळाही घेतली होती. त्यांचा आत्मविश्वास बरा होता असे आता वाटते. पदनाम एकत्र करण्याची टिपणी मी वर पाठवली आहे. खर्चाचा आकडा विचारला जाईल, तो काढतो आहे.

निवृत्त टंकलेखिका

चाकणकर, मनापासून आभार. आपण कागद उघडून पाहिलात, मी १९८७ मध्ये तेवढेही केले नव्हते.

म्हणून काल मीही आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे कागद मागवले. सफाईचे कंत्राट एका एजन्सीकडे आहे. बिलात दोन ओळी आहेत : 'हाऊसकीपिंग स्टाफ – ३' आणि 'लेडी स्वीपर – ४'. चाळीस वर्षांनी 'लेडी' मला पुन्हा भेटली. तिघे पुरुष वाहनतळ आणि गच्ची झाडतात, पाण्याच्या टाक्यांकडे पाहतात. चौघी जिने आणि मजले पुसतात, कचरा गोळा करून खाली आणतात. दर माणशी दरात साडेबाराशे रुपयांचा फरक आहे. सचिव म्हणाले, टाक्यांचे काम जोखमीचे आहे. टाक्या वर्षातून दोनदा धुतल्या जातात आणि त्यासाठी बाहेरून वेगळी माणसे येतात, त्याचे बिल त्याच फायलीत होते.

कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे. एक सदस्य आताच म्हणू लागले आहेत की समानताच हवी असेल तर तिघांचे दर खाली आणू, सोसायटीचे पैसेही वाचतील. वकीलसाहेब, याला कायद्यात उत्तर आहे का?

कज्जेदलाल नव्हे

आहे, आणि ते अगदी नेमके आहे. समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन कमी करता येत नाही, अशी तरतूद १९७६ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात होती आणि वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमातही ती कायम आहे. चौघींचा दर वर न्यावा लागेल. बैठकीत दोन गोष्टी सोबत ठेवा. टाक्या धुणाऱ्यांचे ते वेगळे बिल, आणि सातही जणांनी एका आठवड्यात प्रत्यक्ष काय काम केले याची तारीखवार नोंद. पदाची नावे त्या नोंदीत लिहू नका, फक्त काम लिहा आणि करणाऱ्या व्यक्तीचे नाव.

निवृत्त टंकलेखिका

नोंद आज सकाळपासून सुरू केली. चौघींपैकी तिघींची पूर्ण नावे मला माहीत नव्हती, ती विचारून घेतली.